न दुखणारं

३ फेब्रुवारी
लायसन्ससाठीची तपासणी. धावत्या पट्ट्यावर चालवलं. सहाव्या मिनिटाला मशीनवाल्या मुलीनेच बंद केलं. "काका, छातीत काही होतंय?" काहीच नाही, उलट मजेत होतो. ती कागदाकडे बघत राहिली.

५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलल्या. हृदयाला रक्त कमी पोचतंय, बहुधा बऱ्याच वर्षांपासून. "दुखलं असतं तर थांबला असतात. साखरेने नसा बधिर झाल्यात." पुढे काय, विचारलं. गोळ्यांनी धोका कमी होईल, संपणार नाही. दुखत नाही म्हणून धोका लहान नसतो. "आणि बस विसरा."
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. एका वाक्यात खाली उतरवलं.

६ फेब्रुवारी
दिवसभर हात छातीवर. काही कळत नाही.

११ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. "दुखत नाही ना, मग झालं तर." भाजी निवडत राहिली. नंतर न्हाणीत नळ सोडून रडली — मला ऐकू जाऊ नये म्हणून. दोन खोल्यांचं घर आमचं.

२० फेब्रुवारी
बस धाकट्या भावाकडे गेली. त्यालाही साखर आहे. चावी देताना म्हटलं, तूही एकदा पट्ट्यावर चालून ये. "दादा, तू घरी बसलास, आता मलाही बसवतोस का?" हसतच म्हणाला, पण झोंबलं.
खरं लिहितो. त्याच्याही तपासणीत काही निघावं, असं क्षणभर वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा विषय काढला नाही.

९ मार्च
कोपऱ्यावर उगाच उभा होतो. धाकट्याने हॉर्न दिला. मुलांनी खिडकीतून हात हलवले. घरी येऊन आडवा झालो. आता फक्त शेवटच्या वेळेची वाट बघायची, आणि ती कधी येणार हेही कळणार नाही.

१७ मार्च
गोळ्या संपल्या. आणल्या नाहीत.

१८ मार्च
धाकटा गेला. शेवटचं मूल उतरलं, दार लागलं, बस हललीच नाही.
भावजय सारखं एकच म्हणतेय, "सकाळी ठणठणीत होते हो, कुठ्ठे काही दुखत नव्हतं."
मी तिच्याशेजारी बसलो होतो. मान हलवली.