विंगेतली वही

बाबा, रविवारी तुमची वही उघडली. तुम्ही गेल्यावर खडकीच्या क्वार्टरमधून आणलेल्या सगळ्या वह्या मी जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. एकोणीस वर्षं ती गाठ सोडली नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण तुमच्याशी तरी कशाला खोटं बोलू? धीर झाला नाही.

कारखान्यातून आलात की चहा व्हायचा आणि तुम्ही ओट्याशेजारी पाट मांडून अख्खं नाटक वहीत उतरवायला बसायचात. छापील पुस्तक समोर असताना. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "पुस्तकात आहे तेच परत लिहिताय. हौस दांडगी!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "नट कुठे थांबतो ते पुस्तकात नसतं." तुम्ही स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाहीत, पण कामगार नाट्यस्पर्धेचं नाटक तुमच्या प्रॉम्प्टिंगशिवाय उभं राहत नसे. विहारामागच्या हॉलमध्ये तालमी चालायच्या. नट जिथे मुद्दाम थांबेल तिथे तुम्ही निळ्या पेन्सिलीनं वर्तुळ काढायचात. लांब पॉजला रुपयाएवढं, छोट्याला हरभऱ्याएवढं. वर्तुळ असलं की काही झालं तरी विंगेतून आवाज द्यायचा नाही, हा तुमचा नेम. आणि नट विसरलाय हे कसं कळतं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला होतात, "डोळ्यांवरून. विसरलेला माणूस विंगेकडे बघतो."

मी कॉलेजात होते. बायका मिळत नव्हत्या म्हणून मुलीची भूमिका मला दिली. दुसऱ्या अंकात, वडील घर सोडून निघतात आणि मुलगी त्यांना अडवते, त्या प्रसंगात मी थांबले. तुम्ही डाव्या विंगेतून वाक्य दिलंत, जरा मोठ्यानं. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं आणि लोक हसले. पडदा पडल्यावर मेकअपच्या खोलीत सगळ्यांसमोर मी ओरडले, "बाबा, तो पॉज होता! तुम्ही माझा पॉज खाल्लात." तुमच्या हातात वही होती. तुम्ही ती मिटलीत आणि म्हणालात, "चुकलंच माझं." एवढंच. पुढच्या वर्षी प्रॉम्प्टिंगला दुसरं कोणीतरी उभं राहिलं. तुम्ही मागच्या रांगेत बसून नाटक बघितलंत, आणि पुढेही माझी सगळी नाटकं तिथूनच बघत राहिलात.

मी मात्र त्या प्रसंगावर चांगलीच जगले. मुलाखत असो, सत्कार असो, "माझ्या वडिलांनी माझा पहिला पॉज खाल्ला" हा किस्सा ठरलेला. तुमची नक्कलही करायचे, वही नाकाला लावून. लोक हसून लोटपोट व्हायचे.

आता मी शनिवारी सकाळी शनिवार पेठेतल्या एका शाळेत नाटक शिकवते. मालिकांच्या चित्रीकरणात उभं राहून राहून पाय सुजतात, तरी शनिवार चुकवत नाही. पालक विचारतात, "आत्मविश्वास वाढेल ना?" मी हो म्हणते. खरं तर मला मुलांना एवढंच शिकवायचं असतं की समोरच्याचं ऐका. तेच सगळ्यात अवघड आहे. रविवारी शाळेचं स्नेहसंमेलन झालं. सातवीतली एक मुलगी मधेच थांबली. मी विंगेत कागद घेऊन उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी वाक्य दिलं. नंतर आईचा हात धरून आली आणि म्हणाली, "मॅडम, मी पॉज घेतला होता. तुम्ही मधेच बोललात." आई म्हणाली, "अहो, मुलांना जरा वेळ द्यावा. आपण तर अनुभवी आहात." त्या मुलीची हनुवटी थरथरत होती. कुठल्याही क्षणी रडेल, अशी. माझ्या तोंडून गेलं, "चुकलंच माझं."

बाबा, ते तुमचं वाक्य होतं. म्हणून घरी येऊन माळ्यावर चढले.

ती वही सापडली. दुसरा अंक, वडील घर सोडतात ते पान. माझी सहा वर्तुळं आहेत, दोन मोठी, चार हरभऱ्याएवढी. त्या वाक्यापाशी काहीच नाही. नसणारच. तिथे पॉज नव्हताच, मी विसरले होते, आणि मी तुमच्याकडे बघितलं होतं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, हे मात्र रविवारी कळलं. वही तुमच्या हातातच होती. पान उघडून दाखवायचं, एवढंच करायचं होतं तुम्हाला. तुम्ही ती मिटलीत. मी फरशीवर बसून खूप रडले. मला तुमचा आवाज ऐकायचाय, बाबा. आता व्यावसायिक नाटकात प्रॉम्प्टर नसतात, तरी प्रत्येक प्रयोगात माझी नजर एकदा डाव्या विंगेकडे जाते.

हे पत्र त्याच पानात ठेवणार आहे. त्याआधी आजचं सांगून टाकते. आज दुपारी मंडईजवळच्या एका हॉलमध्ये शिक्षकांचं शिबिर होतं, नाटक कसं शिकवावं यावर मला बोलायचं होतं. आज खरं काय ते सांगायचं, असं ठरवून गेले होते. तुमची वही पिशवीत होती. "माझे वडील प्रॉम्प्टर होते," एवढं म्हटलं आणि पहिल्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "ऐका हं आता, फार मजेशीर किस्सा आहे." मी थांबले. पुढचं वाक्य मला पाठ होतं. तरी मी डावीकडे बघितलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

मग मी किस्सा सांगितला, नेहमीसारखाच. सगळे हसले.