मॉर्फियाच्या वहीतली दुसरी सही

मुरबाड, ९ जाने. १९६१

सोमा मुकणेचं ड्रेसिंग. कोळशाची भट्टी खचून पाठ, मांड्या भाजलेल्या. आज सहावा दिवस. आधी मॉर्फियाची सुई, मग पट्ट्या. डॉक्टरांनी पडद्यामागे औषध भरलं, सुई स्वतःच दिली. मी वहीत लिहिलं: पेशंटचं नाव, पाव ग्रेन, वेळ. पहिली सही त्यांची, दुसरी साक्षीदार म्हणून माझी. वीस मिनिटं आम्ही थांबलो. तरी पट्टीला हात लावताच सोमा ओरडला. त्याची बायको पारू म्हणाली, "बाय, तुमची सुई खोटी हाय."

भाजलेलं दुखतंच, वगैरे सांगितलं तिला.

संध्याकाळी डॉ.नी कालचा पेपर दिला. पायरीवर उभं राहून दहा मिनिटं बोलले. कामाशिवाय माझ्याशी बोलणारं इथं तेवढंच एक माणूस.

११ जाने.

पुन्हा तेच ओरडणं. सुईनंतर सोमाचे डोळे पाहिले. पाव ग्रेन अंगात गेलं तर बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या व्हायला हव्यात. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा हेच शिकवलेलं. चांगल्या मोठ्या होत्या.

नंतर औषधांच्या खोलीत गेले. तिथं दिवसाही अंधार. डॉ. बाटल्या लावत होते, वळून बघितलं. त्यांचे डोळे घारे म्हणून लगेच दिसलं. दोन बारीक ठिपके.



१२ जाने.

वहीची जुनी पानं चाळली. दिवाळीपासून प्रत्येक नोंदीखाली मी आहे. औषध भरताना एकदाही पाहिलेलं नाही. "सिस्टर, इथं सही," म्हणाले की केली.

कळवायचं तर ठाण्याला, जिल्ह्याच्या साहेबांना. आणि मग? इकडच्या सगळ्या गावांना हा एकच डॉक्टर.

१४ जाने. संक्रांत

तिळगूळ घेऊन जाणार कुणाकडे? डॉ.कडेच गेले. वाटी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "उद्यापासून सोमाची सुई मी भरते."

त्यांनी वाटी बाजूला सरकवली. मग, "कधी कळलं तुम्हाला?"

म्हणाले, आधीच्या गावी मुतखड्याच्या कळा यायच्या, तेव्हा स्वतःच टोचून घेतलं. सुरुवातीला थोडंसं पुरायचं. अंग सरावलं, मग तेवढ्यानं काहीच होईना. बायको नाशिकला गेली ती यापायी. मला वाटायचं, मुलाच्या शाळेसाठी.

कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नका."

१५ जाने.

सोमाला पूर्ण डोस. पट्ट्या सुटल्या, तो गुंगीतच. शेजारी बसून श्वास मोजले. मिनिटाला चौदा. ठीक. पारू नुसती माझ्याकडे बघत होती.

डॉ. दवाखान्यात आले नाहीत. ताप आहे असं सांगायला लावलं.

१६ जाने.

औषध तुटल्यानं डॉ.चं नाक गळतंय, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा. पेज नेली, ती उलटली. "सिस्टर, अर्धीच द्या." नाही म्हटलं. माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी माझ्या खोलीत येऊन बसले. हे सांगावं असं कुणी…

१७ जाने.

दुपारी बैलगाडीतून गंगू नावाची बाळंतीण आणली. मूल आडवं, एक हात बाहेर आलेला. कल्याणला न्यायला वाहन नाही. नवरा म्हणाला, "बाय, दोन दिस झालं. आमी काय करू?"

डॉ.ना उठवून आणलं. हातमोजा चढवता येईना, इतके हात थरथरत होते. म्हणाले, "हे हात आत घालू?" किल्ली मागितली नाही त्यांनी. कपाट मी उघडलं, औषध मी भरलं, त्यांच्या दंडात मीच टोचलं.

अर्ध्या तासानं हात स्थिर. क्लोरोफॉर्म मी धरला. मूल आधीच गेलेलं. गंगू वाचली.

वहीत गंगूचं नाव घातलं. सगळं डोळ्यांनी पाहून केलेली ही सही, आणि नोंद खोटी.

२० जाने.

डॉ.नी स्वतःच ठाण्याला लिहिलं होतं. आज सकाळच्या एस.टी.नं गेले. एक ट्रंक. पत्रात लिहिलंय, सिस्टरचा यात काही संबंध नाही. "तुम्हीही तसंच सांगा." मी 'बरं' म्हटलं. की नाही म्हटलं, आता आठवत नाही.

२३ जाने.

नवे डॉक्टर येईपर्यंत कपाट बंद. डॉक्टरच्या हुकमाशिवाय मला मॉर्फिया देता येत नाही. सोमाचं ड्रेसिंग अ‍ॅस्पिरिनवर केलं. त्यानं तोंडात धोतराचा बोळा धरला. पारू म्हणाली, "डाक्टर कवा येतील, बाय?" माहीत नाही म्हटलं.

दिवसभरात एवढंच बोलले असेन.

२४ जाने.

ठाण्याहून साहेब आले. वही पानन् पान पाहिली. सतरा तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "ही सुई त्या बाईला दिली?" गंगू घरी गेलीय, उद्या माणूस पाठवून तिलाही विचारणार आहेत. मी म्हटलं, लिहून देते. माणूस बरा वाटला. "सकाळपर्यंत द्या. थोडक्यात लिहा, पण खरं."

कागदावर नाव, हुद्दा, तारीख घातली. 'ता. १७ रोजी दुपारी' इथवर झालंय. पुढं 'मी सुई टोचली' लिहायचं की 'डॉक्टरांनी टोचून घेतली'. दौत उघडीच आहे.