एका एसचा तमाशा

ता. ३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

भाओजींनाही नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे ते आधी कळव. इकडे माझं चष्म्याचं दुकान एकदाचं मार्गी लागलं आणि त्यावर बोर्डही चढला. फोटो सोबत पाठवतोय. निळ्यावर पिवळी अक्षरं आहेत आणि कडेला चष्म्याचं चित्र. त्याच्या काचेत चमकसुद्धा काढली आहे. येणारा-जाणारा थांबून बघतो आणि हसतमुखाने पुढे जातो.

बोर्ड रंगवला आमच्या गल्लीतल्या पेंटरबाईंनी. त्या शिडीवर चढल्या की एक ब्रश हातात आणि एक दातात. पडतील म्हणून मी खाली शिडी धरून उभा आणि आत गिऱ्हाईक ताटकळत. शिडी चांगली भक्कम आहे असं समोरचा शिंपी म्हणतो, पण त्याला काय कळतंय? मी त्यांना 'वी मेक स्पेक्टॅकल्स फॉर यू' असं लिहून दिलं होतं. त्यांनी विचारलं, की चष्मा तर एकच असतो, मग शेवटी एस कशाला? मला ते इतकं पटलं की तिथल्या तिथे तो एस खोडून दिला.

ताई, त्या काहीही बोलल्या तरी मला पटतं, हीच पंचाईत आहे. तुझ्यापासून काय लपवू? मला त्यांच्याशी लग्न करायचंय. पण त्या समोर आल्या की जीभ टाळ्याला चिकटते. काय करू ते सांग.

लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझा धाकटा

*

ता. ९ मार्च

चि. चष्मेवाल्यास,

अ. उ. आ.

त्यातले अर्धे आशीर्वाद तूर्त राखून ठेवलेत, कारण मी बोर्ड वाचला. ह्यांनी वाचला तेव्हा त्यांना इतका ठसका लागला की पाठ चोळावी लागली. गुडघा मात्र बरा आहे.

अरे शहाण्या, एस काढलास आणि चष्म्याचा तमाशा झाला! स्पेक्टॅकल म्हणजे देखावा, तमाशा. तुझा बोर्ड सांगतोय, की आम्ही तुमच्यासाठी तमाशा करून देऊ. इंग्रजीत चष्मा एक असला तरी काचा दोन, म्हणून त्याला कायम एस. कात्रीला पाती दोन म्हणून एस, पँटला पाय दोन म्हणून एस. वर्षानुवर्षं वर्गात ओरडून माझा घसा बसला आणि दिव्याखालीच अंधार.

पेंटरबाईंचं म्हणशील तर मला मनापासून आनंद झाला. तुझ्या तोंडून आजवर भिंगांशिवाय कशाचं कौतुक ऐकलं नव्हतं. पण आधी त्यांना बोर्डाचं सांग, मग मनातलं. ज्या माणसाला साधी चूक सांगायची तुला भीती वाटते, त्याच्याशी संसार कसा करशील?

आशीर्वाद हवेत तर हिंमत कर.

ताई

*

ता. १५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

लोक हसतमुखाने का जातात ते आता कळलं. परवा एक बाई आत येऊन तमाशा किती वाजता सुरू होतो असं विचारून गेल्या. मी म्हटलं, तो चालूच आहे.

तुझं पत्र आल्यापासून मी गल्लीतले सगळे बोर्ड वाचत हिंडतोय. शेजारच्याने दुकानावर 'फर्निचर्स' लिहिलंय. शब्दकोशात पाहिलं, तर तिथे एस नकोच! तोही बोर्ड बाईंचाच. खुर्च्या पुष्कळ, म्हणून त्यांनी एस दिला असणार. म्हणजे माझा एस हरवलेला नाही, शेजारी राहायला गेलाय.

पण त्यांना सांगू कसं? एका दुकानदाराने त्यांच्या अक्षराला नाव ठेवलं, तर त्यांनी सगळी भिंत पांढरी केली आणि पुन्हा त्याची पायरी चढल्या नाहीत. माझी पायरी त्या चढल्या नाहीत तर मी काय करू? त्यापेक्षा जन्मभर तमाशा केलेला परवडला.

तुझ्या मायेवर जगणारा,

धाकटा

*

ता. २० मार्च

चि. भित्र्यास,

अ. उ. आ.

गल्ली त्यांना हसतेय आणि तू ते बघत बसलायस, याला प्रेम म्हणत नाहीत. आजच्या आज सांग. तोवर पत्र लिहू नकोस.

ताई

*

ता. २४ मार्च

ती. ताईस,

सा. न.

सांगितलं. दोन्ही बोर्डांचं. त्या शिडी उचलून निघून गेल्या. एसच्या नादात मी सगळंच घालवून बसलो. आज एका आजोबांना लांबचा म्हणून जवळचा चष्मा दिला.

धाकटा

*

ता. २६ मार्च

ती. ताईंना,

शि. सा. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. मी बोर्ड रंगवते. तुमचा पत्ता तुमच्या भावाच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला, त्याबद्दल रागावू नका.

मी शिडी घेऊन घरी गेले ती रागानेच. पण राग त्यांचा नव्हता. गल्लीतले लोक माझ्या बोर्डाकडे बघून हसायचे, ते रंग आवडला म्हणून, असं मी समजत होते! शिंपी हसला, फर्निचरवाला हसला, पण तोंडावर कुणी सांगितलं नाही. तुमच्या भावाने सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच दरदरून घाम फुटला होता. घरी जाऊन मी आधी रडले, मग पोटभर जेवले, मग मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

आज सकाळी फर्निचरवाल्याचा एस पुसला आणि तुमच्या भावाला दिला. जागा नव्हती, अंग चोरून बसलाय बिचारा, पण बसलाय. खाली तुमचे बंधू शिडी धरून उभे. शेवटी मीच वरून विचारलं, की असे किती दिवस शिडी धरणार, माझ्याशी लग्न करायचंय का? ते लालबुंद झाले. मराठी सुचेना, तेव्हा इंग्रजीत म्हणाले, आय ॲम इंटरेस्टिंग.

मी म्हटलं, तुम्ही मजेशीर आहात हे मला ठाऊक आहे, मी लग्नाचं विचारतेय. तर जोरजोरात मान हलवून पुन्हा तेच! शिंप्याच्या मते हा होकार आहे, फर्निचरवाल्याच्या मते निव्वळ बढाई. गल्लीत सकाळपासून दोन तट पडलेत आणि बंधू आत भिंगं पुसत बसलेत.

ताई, आता नीट विचारल्याशिवाय इंग्रजीवर विश्वास ठेवायचा नाही, असं मी ठरवलंय. तुम्ही शिक्षिका आहात, शिवाय त्यांची बहीण. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ काय तो उलट टपाली कळवा. माझा जीव टांगणीला लागलाय. माणूस मला मनापासून आवडतो.

कळावे, आणि लवकर कळवावे.

आपली नम्र,

बोर्डवाली

*

ता. ३० मार्च

चि. सौ. कां. पेंटरबाईस,

अ. उ. आ.

या मायन्यातच तुला उत्तर मिळालं असेल. त्या गाढवाला 'इंटरेस्टेड' म्हणायचं होतं. व्याकरण चुकलंय, उत्तर बरोबर आहे. मी पैकीच्या पैकी गुण दिलेत.

हे बॅग भरतायत, आम्ही उद्याच निघतो. शेवटी लोभ असावा असं लिहिणार होते, पण घरच्या माणसाकडे तो कशाला मागायचा?

तुझी,

ताई