फिरवायच्या बटणांची शिफारस

गुरुग्राम, ४ मार्च २०१९

ती. अक्कास,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी विचारतो, नाहीतर म्हणशील, दिनूला फक्त गाड्या सुचतात. पण बातमी गाडीचीच आहे. आपला मानस नवी गाडी घेतोय. हल्ली इंजिनाचं कोणी विचारत नाही, समोरचा स्क्रीन कसला आहे ते बघतात. गाणी, नकाशा, फोन, मागचा कॅमेरा, सगळं त्यातच. माझी उभी हयात सरकारी खरेदीत गेली, म्हणून तुलनेचा तक्ता बाबांनीच करावा असं त्यानेच सुचवलं. मी अगदी नियमाने केला. तीन शोरूम, एकच चाचणी, शंभरपैकी गुण. तक्ता सोबत जोडला आहे.

पहिल्या गाडीचा स्क्रीन परातीएवढा. दिसायला झकास, पण बटण एकही नाही, एसीसुद्धा बोटानेच लावायचा. मी आवाज कमी करायला गेलो तर मानसच्या जोडलेल्या मोबाइलवरून फोन लागला, तोही त्याच्या साहेबांना, रविवारी! एकतीस गुण. दुसरीत नकाशाच नाही, आपला मोबाइल जोडायचा. अठ्ठेचाळीस. तिसरीचा स्क्रीन लहान आणि जरा मंद, पण आवाजाला नि एसीला चांगली ठसठशीत फिरवायची बटणं आहेत. तिला ब्याऐंशी दिले.

मानसला पहिलीच हवी आहे. मी अडून बसलोय, कारण गाडी मीही चालवणार. दर गुरुवारी आमच्या सौ. प्रभाला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला तिच्या बहिणीकडे मीच नेतो आणि ते मी सोडणार नाही. तू मानसला दोन ओळी लिही, तुझं तो ऐकतो.

लोभ आहेच, या खेपेला थोडी बाजूही घे.
तुझा दिनू


सातारा, १३ मार्च २०१९

चि. दिनकरास,
अक्काचे अ. उ. आ.

गुडघा तसाच आहे. तक्ता दोनदा वाचला. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण मुलांच्या वह्या तपासण्यात माझी चौतीस वर्षं गेली. तुझी पत्रं मी वर्गात सुंदर अक्षराचा नमुना म्हणून दाखवायची. या तक्त्यातला आठाचा आकडा मला तीनदा लावावा लागला, आणि शेवटच्या ओळी रेघ सोडून खाली उतरल्यात. दिनू, हात केव्हापासून कापतो?

आणखी एक. तोच पहिला स्क्रीन मानसने चालवला तेव्हा कोणाला फोन लागला का? ते तू लिहिलंच नाहीस. टाळलंस, असं मला वाटतं. अरे, बटण फिरवता आलं म्हणजे गाडी सांभाळता येते असं नाही. शेजारी प्रभा बसलेली असते. मला भीती वाटते, स्पष्टच लिहिते. मानसला मी काहीही कळवलेलं नाही. तुझं तू सांग आणि डॉक्टरला दाखव.

रागावलास तरी उत्तर धाड, माया कमी होणार नाही.
अक्का


गुरुग्राम, २९ मार्च २०१९

ती. अक्कास,
दिनूचा सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. तिसऱ्या दिवशी चहा घेताना मानसला सगळं सांगून टाकलं. त्याने तो स्क्रीन एका झटक्यात चालवला होता, हे खरं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. कंप कमी होईल, जाणार नाही, आणि गाडी चालवणं बंद. फार वाईट वाटलं गं. खाली पार्किंगमध्ये जुन्या गाडीत बसून रडलो.

तक्ता मी रद्द केला. खाली शेरा मारला, की तपासणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असल्यामुळे ही शिफारस ग्राह्य धरू नये. मग मानसच्या बोटांनी पुन्हा चाचणी केली आणि पहिलीला एकोणऐंशी पडले, तिसरी मागे राहिली. तीच बुक झाली.

गुरुवारचं प्रभाला सांगणं जिवावर आलं होतं. तिचा हिरमोड होईल, असं वाटत होतं. तर म्हणाली, की गेले आठ महिने ती धौला कुआँचा गर्दीचा चौक आला की डोळे मिटून घ्यायची, आणि मला वाटायचं तिला झोप लागली. माझी हौस मोडवली नाही तिच्याने. काल आम्ही कॅबने गेलो. ती रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती आणि कुठे काय नवीन झालंय ते मला दाखवत होती.

असाच कान धरत जा.
तुझा दिनू