साहेबांच्या उपासाची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगच घालावा असा गुन्हा माझ्या हातून घडला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? लेक आणि नात बऱ्या आहेत ना? आम्ही दोघं ठीक. साहेबही जिवंत आहेत, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला टेकून बसायची गरज नाही. तरी बस.

लेकीच्या बाळंतपणाला निघताना तू या पोपटसाहेबांबरोबर एक कागद दिला होतास. सकाळी चिरलेली भाजी, पालेभाजी, भिजवलेलं कडधान्य; आणि खाऊ म्हणून संध्याकाळी सूर्यफुलाच्या बिया, फक्त दोन. वाचून मला तुझा रागच आला. एवढा रुबाबदार पक्षी आणि दोन बिया! मी पिंजरा दुकानात शिलाई मशीनशेजारी टांगला. ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक वाट बघत बसतं, आणि रिकाम्या हाताला काहीतरी चाळा लागतो. एकाने बी दिली, दुसऱ्याने शेंगदाणा, तिसरीने बिस्कीट. (कोट वेळेवर न मिळालेले हेडमास्तर तर काजू भरवता भरवता माझ्यावर ओरडायचंच विसरले. दुसऱ्या दिवशी मी बियांची बरणीच काउंटरवर ठेवली.) महिन्याभरात साहेब भाजीची वाटी उलटी करू लागले. मी म्हटलं, रुबाब आहे.

मग एका सकाळी वरच्या दांडीवर चढताना ते मध्येच थांबले आणि चोच उघडी टाकून धापा टाकू लागले. कापड अर्धवट कापलेलं तसंच टाकून मी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. तू सोपवलेस तेव्हा साहेब दोनशे साठ ग्रॅम होते, काट्यावर भरले तीनशे वीस. बाई म्हणाल्या, यकृतावर चरबी चढली आहे, बिया बंद करा, पण हळूहळू. ("हळूहळू" हा शब्द मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगतो की मला तो ऐकूच येत नाही.) मी घरी येऊन बरणीच फेकून दिली.

पहिल्या दिवशी साहेबांनी गाजराचे तुकडे माझ्या अंगावर भिरकावले. दुसऱ्या दिवशी भिरकावणंही थांबलं. पिसं फुगवून, पाठ करून बसले. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोनशे ऐंशी! घाबरून मशीनखाली सांडलेली एक बी शोधून पुढे केली, तर तिच्याकडेही बघेनात. डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या, "एकदम बंद केलंत? अहो, उपाशी राहून मरेल तो! दुपारपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, नळीने भरवावं लागेल. तोवर तुम्ही त्याच्यासमोर बसून खा. एकट्याने जेवणारी जात नाही ती."

भर सकाळी दुकानाचं शटर ओढलं. ही आणि मी पिंजऱ्यासमोर स्टुलं मांडून गाजर आणि पालक खायला बसलो. मी एकेक पान औषधासारखं तोंडात टाकत होतो. ही म्हणाली, "चेहरा नीट करा. तुमच्याकडे बघून कुणाला भूक लागेल?" मी हसत चावत राहिलो, आणि डोळे घड्याळावर. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला साहेब वळले. एक पाऊल. दुसरं. गजांतून मान काढून त्यांनी हिच्या बोटांतला तुकडा ओढला आणि खाली टाकला. मग खाली उतरले, तुकडा पायात धरला, आणि कुरतडला, ताई! ही पदराला डोळे पुसत होती आणि मी सुईत दोरा ओवत होतो, शिवायचं काही नसताना.

आता भाजी आधी, बिया सकाळी सहा, संध्याकाळी चार; दर आठवड्याला एकेक कमी करत दोनवर येऊ. वजन दोनशे सत्तर. बाई खूश आहेत. तुला काय बोलायचं ते बोल, फक्त पत्रातून बोल.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : पुढच्या महिन्यात तू येशील. साहेबांना आणखी दोन महिने इथेच राहू द्यावं, जागा बदलू नये, असं डॉक्टरीणबाईंचं मत आहे. (नाही. माझं आहे.) अकरा वर्षं मी दुकानात उभ्याउभ्या डबा खाल्ला आणि हिने आत एकटीने. आता दोघं रोज समोरासमोर बसतो. पिंजरा गेला तर हिला काय सांगून बोलवू?

ता. क. २ : वन्सं, हे माझं अक्षर. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. तुम्ही ठरल्या दिवशी या आणि तुमचा पोपट खुशाल घेऊन जा. यांना म्हणावं, नुसती हाक मारली असती तरी मी आले असते.