तिसऱ्या विद्यापीठाची टेबलं

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तीन नामवंत विद्यापीठांत तुला प्रवेश मिळाला, ती बघायला गेलो, तेव्हा तिन्हीकडे मी वर्गातल्या टेबलाखाली शिरलो. "बाबा, बाहेर या हो, लोक बघतायत!" असं तू म्हणालीस. पण मी गुरूवाचून झालेला सुतार. सांधा बघितल्याशिवाय कुणाला मार्क देत नाही.

घराजवळच्या विद्यापीठात नुसता सरस फासलेला. दुसरीकडे खिळे, तेही वाकडे. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या तिसऱ्यात तर प्राध्यापकबाईच माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. "हा सांधा कसा जमवलाय, मलाही सांगा की!" म्हणाल्या. मग तू त्यांना तासभर प्रश्न विचारत होतीस.

परतताना तू विचारलंस, "तिसरं कसं?" मी म्हणालो, "सांधे ढिले आहेत." तुझा चेहरा उतरला.

पोरी, मी खोटं बोललो. तू लांब जाशील म्हणून बोललो. तीस वर्षांत सांध्याबद्दल बोललेलं हे एकच खोटं. तोंडानं सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहायला बसलो. पण तू मावशीकडे, होकाराची मुदत उद्याची, आणि पत्राला लागणार चार दिवस. तेव्हा आता फोनच लावतो आणि हे पत्रच वाचून दाखवतो. आधी पोटभर हसून घे, मग तिसऱ्याला होकार कळव. त्या सांध्यांत केससुद्धा शिरत नाही.

ओशाळलेला, पण कामात चोख,
तुझा बाबा