रायरीकरसाहेबांना न सापडलेली मुलगी

७ एप्रिल १९७४

संपलं! आज चौथा भाग सांगून झाला आणि माझ्याकडचं सगळं संपलं. गिरगावात मावशीच्या शेजाऱ्यांकडे टेलिव्हिजन होता, म्हणून महिनाभरात चार भाग तरी बघायला मिळाले. तेवढ्यात दोन स्थळांना दाखवून झालं. दोन्हीकडून नकार. धुळ्याला, देवपुरात परत आले त्याच दिवशी, गल्लीत कुणी काही विचारायच्या आत ओट्यावर बसून त्या मालिकेतल्या इन्स्पेक्टर रायरीकरांची गोष्ट काढली. उपाय लागू पडला. नकाराचं सगळ्या विसरल्या. मलाही विसरता आलं असतं तर—

आता म्हणतात, ‘नलू, पुढं सांग.’ इथे धुळ्यात टेलिव्हिजन कुणी पाहिलेला नाही. समोरच्या हीराबाई विचारत होत्या, ‘त्या पेटीतून त्याला आपण दिसतो का गं?’ नाही म्हटल्यावर हिरमुसल्या. नवं पातळ नेसून आल्या होत्या!

११ एप्रिल

पाचवा भाग सांगितला. म्हणजे रचला. ‘एक सांगायचा राहूनच गेला होता’ म्हणाले. कुणाला संशय नाही.

सोपं आहे. रायरीकर बूट दाराबाहेर काढतो, खुन्याच्या घरीसुद्धा. घोटभर पाणी मागतो आणि पाणी देणाऱ्या हाताकडे बघतो. मग एका बाजूने हसतो. एवढं केलं की पुढचं त्याचं तो करतो, मला फक्त मागे चालायचं. हीराबाई म्हणाल्या, ‘असा पोलीस आपल्याकडे असता तर मी मुद्दाम घरात चोरी करवली असती!’

रतनलालशेठची सून राजकुंवरही येते. मागच्या गल्लीत त्यांचं धान्याचं दुकान. नवरा जाऊन दीड वर्ष झालं, अजून विशीतली आहे. बसत नाही. दाराशी उभी राहते, पदर पुढे ओढून. आज पदराआडून हसली. मी पहिल्यांदाच ऐकलं.

१६ एप्रिल

रायरीकरांचं लग्न लावून दे म्हणतात! मी साफ नाही म्हटलं. ‘त्याला कामातून वेळ नाही.’ त्यावर वहिनी— ‘त्याला वेळ नाही, की तुला चालायचं नाही?’ केवढ्या हसल्या सगळ्या. उठून आत आले. कान नुसते तापले होते.

दुपारी चटणी वाटताना त्याच्याशी बोलत होते. नानांनी बाहेरून विचारलं, ‘कोण आलंय गं?’ कुणी नाही म्हटलं. खरंच कुणी नाही. हेच तर.

२४ एप्रिल

आखाजी, अक्षय्य तृतीया. गल्लीत झोके बांधलेत, घरोघर लेकी आल्यात. शेजारच्या लताबाईंची मंदा नाही आली. लताबाई स्वतः तिला आणायला दोंडाईचाला गेल्या होत्या. एकट्याच परतल्या. सासरचे म्हणतात, ती महिन्यापूर्वीच माहेरी जाते म्हणून निघाली. इथे तर आलीच नाही!

मंदाचा नवरा भिकन हा हीराबाईंचा भाचा. लग्न त्यांनीच जमवलेलं. ‘आमची अब्रू घालवली तुमच्या पोरीने’ असं ओरडल्या आणि दार लावून घेतलं. समोरासमोरची घरं. मधे फक्त रस्ता. लताबाई पुरण शिजत टाकलेलं तसंच सोडून उंबऱ्यावर बसून राहिल्या.

२५ एप्रिल

पोलिसांत जायला लताबाई तयार नाहीत. ‘नाव जाई पोरनं.’

२९ एप्रिल

लताबाई मागच्या दारी आल्या. ‘नलू, तुना इन्स्पेक्टरले सांग ना. तो बठ्ठं शोधस.’ तो सगळं शोधतो म्हणे! मला थट्टा वाटली. मग चेहरा बघितला. थट्टा नव्हती. त्यांना काय सांगू, लताबाई, तो खोटा आहे? पाचव्या भागापासून तर माझाच आहे?

संध्याकाळी ओट्यावर एका हरवलेल्या मुलीची गोष्ट सुरू केली. तोंडाला येईल ते बोलत होते. रायरीकरसाहेब मुलीच्या आईसमोर बसतात. पाणी पितात. विचारतात, ‘ती शेवटचं कुणाबद्दल चांगलं बोलली होती?’ लताबाई मधेच उठून घरी गेल्या. मला पुढे सांगवेना. ‘डोकं दुखतंय’ म्हटलं आणि आत आले.

३० एप्रिल

सकाळी लताबाईच आल्या. संक्रांतीला मंदा आली होती तेव्हा सारखी जळगावच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंचं सांगत होती. बाळ पोटातच गेलं तेव्हा सासू नाही, नवरा नाही, त्या सिस्टरबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. ‘तुना सायेबनी बरोबर इचारं, नलू.’

साहेबांनी कुठे विचारलं? मी विचारलं!

१० मे

रेल्वेचा संप, त्यामुळे एसटीला ही गर्दी. पारोळ्यापर्यंत उभ्याने. नानांना सांगितलं, लताबाईंना जळगावला दवाखान्यात नेते. खोटं नव्हतं.

सिस्टरबाई भेटल्या. मंदाचं नाव काढलं तर ओळखच दाखवेनात. पुन्हा पुन्हा विचारायच्या, ‘तुम्ही कोण?’ लताबाई म्हणाल्या, ‘मी तिनी माय शे.’ एवढंच. तेव्हा बाई आम्हाला एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. तिथे मागच्या अंगणात मंदा दुपटी वाळत घालत होती. मंदा! आया म्हणून राहिली आहे. वाळली आहे, पण उभी ताठ.

ती धावत आली नाही. आधी विचारलं, ‘कुणाले सांगीसन उनात?’ कुणालाच नाही म्हटल्यावर झंपराची बाही वर केली. डागल्याचे व्रण, कोपरापर्यंत. मी भिंतीकडे तोंड केलं. लताबाईंनी केलं नाही. एकेका व्रणावरून बोट फिरवत राहिल्या.

पावसाळ्यानंतर नर्सिंगला नाव लागेल, सिस्टरबाई खटपट करताहेत. तोवर भिकन शोधत येईल ही एकच धास्ती. ‘त्याले कळनं तर तो ई, माय. तोवर मी कोठेच नही शे.’

परतताना लताबाईंनी एरंडोलला शेंगदाणे घेतले आणि अर्धे मला दिले.

१२ मे

हीराबाईंचं दार उघडलं. भिकन आलाय. आमच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. अंगाने बारीक, बोलायला मऊ. हीराबाई म्हणाल्या, ‘नलू, हरवलेल्या पोरीची गोष्ट अर्धीच राहिली ना? सांग की. भिकनलाही ऐकायचीय. साहेबांनी आईला विचारलं, मग आई उठून कुठे गेली?’

म्हणजे दाराआडून सगळं ऐकत-बघत होत्या! मी आणि लताबाई एकाच दिवशी गावाला गेलो होतो हे सगळ्या गल्लीने पाहिलंय. ‘उद्या’ म्हटलं.

१३ मे

सबंध दिवस आत-बाहेर केलं. भात करपवला. ती सापडते असं सांगितलं तर कुठे ते विचारणार. मेली म्हणू? लताबाईंसमोर? राहिला एकच रस्ता. आणि साहेब आजवर कधी हरलेले नाहीत!

संध्याकाळी सगळ्या आल्या. भिकन पायरीवर. मी सांगितलं, साहेब भलत्याच गावाला गेले. भलत्याच घरात पाणी प्यायले. हाताकडे बघितलं आणि त्यांना काहीच कळलं नाही. परत येऊन आईला म्हणाले, ‘बाई, मला नाही जमलं. तुमची मुलगी मला सापडत नाही.’

हीराबाई चिडल्या. ‘असं कसं? साहेबांना सापडत नाही?’

‘नाही.’

‘मग पुढच्या भागात?’

‘पुढचा भाग नाही. फाईल बंद.’

लताबाई रडायला लागल्या. खरंच रडल्या. त्याच वेळी भिकनने मऊ आवाजात विचारलं, ‘तुम्ही दोघी जळगावला कशाला गेल्या होत्या?’ लताबाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘मनं पोट दुखस, भाऊ. गोळा शे म्हने डॉक्टर.’ तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी त्याला विचारलं, ‘पाणी हवंय का?’

नको म्हणाला. उठला.

१४ मे

भिकन सकाळच्या गाडीने दोंडाईचाला गेला. लताबाईंनी आमच्याकडे वाटीभर गोड शिरा पाठवला. कशासाठी ते वहिनीला कळेना.

२० मे

ओट्यावर कुणी येत नाही. हीराबाई सांगत फिरतात, रायरीकरसाहेब पूर्वीचे राहिले नाहीत. वहिनी म्हणाली, ‘चांगला होता बिचारा. तू बिघडवलंस त्याला.’

चटणी वाटताना बोलून बघितलं. येत नाही तो. मीच त्याला हरवलं, आणि रुसून बसायचं त्याने! कुठे चित्त लागत नाही. दिवसातून चारदा दारापर्यंत जाते आणि परत येते. कुणाची वाट बघते?

२८ मे

संप मिटला. मावशीने तिसरं स्थळ काढलंय, मुंबईला ये म्हणते; नानांनी लगेच हो कळवून टाकलं. मला विचारलं नाही. बिजवर आहे म्हणे. ‘आता किती निवडणार,’ असं नाना भिंतीला म्हणाले.

२ जून

दुपारी सगळे झोपलेले. मागच्या दारी राजकुंवर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पदर मागे सारून बोलली. ‘दीदी, त्या दिवशी सगळ्या गोष्ट ऐकत होत्या. मी लताबाईंकडे बघत होते. ज्या आईची मुलगी सापडत नाही, ती अशी रडत नाही.’ म्हटलं, कुणाला बोललीस? ‘कुणालाच नाही. साहेबांना ती जिथे सापडली नाही, तिथे मला पण पोचवाल? मला शिकायचंय.’

उद्या सकाळची जळगावची एसटी. ती म्हणाली, ‘तुम्ही संध्याकाळपर्यंत परत याल ना? नाहीतर तुमच्या घरी—’

मी म्हटलं, ‘मी परत येणार असं कोण म्हणालं?’